आतली बाजू

वहीच्या शेवटच्या पानावर मी मापं लिहून घेतली.
तेवीस नावं, आणि तेवीसही जण खोटं बोलले.
केरुबो म्हणाली, मोठा लिही, नंतर आईला होईल.
ओगाडा म्हणाला, मोठाच, मी अजून वाढतोय.
सिमियू दोन वर्षांत बोटभरही वाढलेला नाही,
त्यानं सगळ्यांत मोठा सांगितला
आणि वाकून बघितलं, मी तसंच लिहिते का.

खजिनदार मी, अपोंडी. डब्यात अठराशे चाळीस शिलिंग.
दुकानदारानं कोऱ्या शर्टांचा भाव सांगितला
तेव्हा आम्ही विचारात पडल्यासारखं केलं,
आणि सरळ मितुम्बाच्या बाजारात गेलो,
जिथं समुद्रापलीकडचे जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात
आणि गठ्ठा फुटला की कोपरं चालतात.
सत्तरला एक. घासाघीस ओगाडाच्या मावशीनं केली.

प्रत्येक छातीवर आधीच काहीतरी होतं.
कुठल्याशा घराण्याचं संमेलन. दातांचा एक डॉक्टर.
कुणाच्या तरी पन्नाशीचा केक.
माझ्या शर्टावर पाच किलोमीटरची शर्यत
आणि एका गावाचं नाव, शाळेच्या नकाशात न सापडलेलं.
आम्ही सगळेच्या सगळे उलटे केले.
शिवण बाहेर आली, मानेमागचं लेबल जिभेसारखं लोंबायला लागलं,
पण आतली बाजू कोरी होती.

आमचं मंडळ सरोवराचं पाणी मोजतं.
दर शनिवारी, म्बिताच्या धक्क्याजवळ, खांबावरच्या रेघांवरून.
गेल्या वर्षी पाणी सिमियूच्या घरात शिरलं.
आकडा आमच्या वहीत तीन आठवडे आधी होता.
वही कुणी मागितली नव्हती.
म्हणून शर्ट.

रंग थोडा, म्हणून दोनच अक्षरं: PI.
पी, म्हणजे लुओ भाषेत पाणी.
केरुबोच्या घरी वेगळा शब्द आहे,
पण त्याला अक्षरं जास्त लागली असती, हे तिनंच मान्य केलं.
मकोखा सर गणिताचे, लांबच्या गावचे.
त्यांना वाटलं तीन पूर्णांक चौदा शतांश,
आणि त्यांनी खूश होऊन पन्नास शिलिंग दिले.
आम्ही गप्प राहिलो. हिशेबात मी लिहिलं: देणगी.

ओकुमू होड्यांवर नावं रंगवतो.
त्यानं खिडकीच्या चौकटीवर पडद्याची जाळी ताणली,
रंग ओढायला जुन्या चपलेचा तळ कापला.
एकदाच ओढायचं, म्हणाला,
दुसऱ्यांदा मोह झाला की अक्षर सुजतं.
पहिला शर्ट ढिगाच्या वरचा, म्हणजे सगळ्यांत मोठा.
एकदाच ओढलं. चौकट उचलली.
P चं पोट पाठीकडे.
जाळी उलटी लागली होती.

ओकुमूनं स्वतःच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना शिव्या दिल्या.
रंग मोजून तेविसांपुरता, शर्ट मोजून तेवीस.
मी वही उघडली, जणू तिच्यात चोविसावा लपलाय.
सिमियूनं तो ओला शर्ट दोन्ही हातांनी उचलला,
भाजलेल्या माणसाला उचलावं तसा,
आणि बाहेर तारेवर टाकून आला.
उरलेले बावीस नीट निघाले.
माझ्यावर एक थेंब पडलाय, काखेजवळ, दिसत नाही.

शनिवारी आम्ही घातले. ऊन होतं.
घाम आला की ती शर्यत माझ्या अंगाला चिकटते.
ती कोण होती, कितवी आली,
शर्ट का देऊन टाकला,
हे मी खांबाकडे जाताना विचार करत होते,
आणि रेघ वाचायचं विसरले. सिमियूनं वाचली.

धक्क्याच्या खालच्या पायरीवर एक बाई
वाळवलेली ओमेना घेऊन बसली होती.
बावीस सरळ शर्ट तिच्यासमोरून गेले,
तिनं मान वर केली नाही.
मग सिमियू आला, गुडघ्यापर्यंत लोंबता,
आणि ती म्हणाली, पोरा, हे उलटं काय लिहिलंय?

पाणी, तो म्हणाला.
आणि मग, तिनं विचारलं नव्हतं तरी:
चार बोटं वर आलंय.

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग सरोवराकडे.
ओमेनाची टोपली उचलली
आणि एक पायरी वर ठेवली.